घरातला धंदा घराच्या विम्यात मावत नाही

घराचा विमा उतरवला आहे आणि धंदा घरातच चालतो, तेव्हा धंद्याचाही विमा झालाच, हे मत आज महाराष्ट्रात सर्रास ऐकू येतं. दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या, फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवणाऱ्या, डबे पोहोचवणाऱ्या, माजघरात माग टाकून बसलेल्या, शिकवण्या घेणाऱ्या अशा कितीतरी घरांत ते सिद्ध सत्यासारखं धरून चाललेलं असतं. हे मत चुकीचं आहे, आणि त्याची किंमत ज्यांच्या गाठीला सर्वांत कमी पैसा आहे तीच माणसं मोजतात. म्हणून त्याचं नीट खंडन करायला हवं. मात्र आपल्या शास्त्रार्थाची जुनी शिस्त अशी की पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा. हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही.

त्याचं पहिलं म्हणणं असं. आग लागते किंवा पाणी शिरतं तेव्हा भिंतीआडचं सगळंच जातं. घरचा फ्रीज आणि त्याला लागून ठेवलेलं चकलीचं यंत्र एकाच ज्वाळेत सापडतं. कंपनीने त्या भिंतींचा धोका पत्करला आहे, मग आतल्या दोन वस्तूंत भेद कशासाठी? दुसरं म्हणणं सरकारी व्यवहाराचा आधार घेतं. राहत्या घराच्या एखाद्या भागात व्यवसाय चालत असला, आणि विजेचा वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत असला, तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांनी त्याला घरगुती दरच लावला आहे. घरात बसून पक्षकारांना भेटणाऱ्या वकिलालाही तोच दर. ज्याला वीज कंपनी घर मानते त्याला विमा कंपनीने दुकान का मानावं?

तिसरं म्हणणं जास्त अभ्यासू लोक करतात. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आणली. तिच्यात इमारतीचा विमा घेतला की विमारकमेच्या २० टक्के, पण दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. यादी द्यावी लागत नाही. विमा कमी रकमेचा घेतला म्हणून दाव्यात कपात होत नाही. एवढी उदार पॉलिसी हाताशी असताना आणखी एक कशाला? आणि चौथं म्हणणं मोठ्याने कुणी करत नाही, पण सर्वांत जास्त पाळलं जातं ते हेच: धंद्याचं कळवू नका. कळवलं की हप्ता वाढतो, सोसायटीत चर्चा होते, नसत्या नोंदी मागे लागतात.

आता उत्तर. विमा भिंतींचा असतो ही कल्पनाच मुळात चूक आहे. अग्निविमा म्हणजे नुकसान भरून देण्याचा करार. एका ठरावीक माणसाचं ठरावीक वस्तूंमध्ये जे आर्थिक हित गुंतलं आहे, तेवढंच तो भरून देतो, आणि कोणत्या वस्तू हे करारातच लिहिलेलं असतं. 'भारत गृह रक्षा'मध्ये सामान म्हणजे घरगुती वापराच्या वस्तू: फर्निचर, इलेक्ट्रॉनिक उपकरणं, स्वयंपाकाची साधनं, कपडेलत्ते, सौर पॅनेल, पाणी साठवण्याची साधनं आणि तत्सम. या यादीत 'स्वयंपाकाची साधनं' वाचून पूर्वपक्षी खूश होतो. पण त्या ओळीवर 'घरगुती वापर' या दोन शब्दांचं छत्र आहे. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर यंत्राचं नाव विचारून थांबत नाही, त्यावर काय होत होतं ते विचारतो. घरच्या चार माणसांच्या पोळ्या आणि रोजचे साठ डबे यांत फरक आहे, आणि तो लपत नाही, कारण किराण्याची बिलं, मोबाइलवरच्या ऑर्डरी, डब्यांची चळत हे सगळं तिथेच असतं. विक्रीसाठी भरून ठेवलेल्या मालाबद्दल तर वादच नको. शंभर किलो चिवडा कोणत्याही अर्थाने घरगुती वापराचं सामान होत नाही.

मधला पट्टा खरोखर धूसर आहे, हे मान्य करतो. एकच मिक्सर घरालाही आणि धंद्यालाही वापरला जातो. एकच लॅपटॉप मुलाच्या अभ्यासाला आणि आईच्या हिशोबाला. इथे विमाधारकाच्या बाजूने बोलायला जागा आहे. पण धंद्याचं भांडवल अशा धूसर वस्तूंमध्ये फारसं नसतं. ते कच्च्या मालात, अर्धवट झालेल्या कामात आणि तयार मालात असतं.

पेणचं उदाहरण घ्या. तिथे आणि आसपासच्या गावांत घराला लागून, घराच्या पडवीत, कधी घरातच गणपतीचे कारखाने चालतात. वर्षभराचं भांडवल आषाढ-श्रावणात मूर्तींच्या रूपाने फळ्यांवर उभं असतं, आणि कोकणात पावसाचा जोर तेव्हाच असतो. २६ जुलै २००५चा पाऊस, २२ जुलै २०२१चा चिपळूण-महाडचा पूर, या तारखा कोकण विसरलेलं नाही. दोन्ही भाद्रपद चतुर्थीच्या आधीच्या. ज्या दिवसांत माल सर्वांत जास्त असतो त्याच दिवसांत पाणी सर्वांत जवळ असतं. अशा घरात पाणी शिरलं तर गृहविमा कपाट, गादी, टीव्ही यांचे पैसे देईल. मूर्तींचे देणार नाही. आणि त्या घराला वर्षभर जगवणाऱ्या मूर्तीच असतात, कपाट नव्हे.

त्याहून नाजूक प्रश्न परक्याच्या मालाचा आहे. घरगुती उद्योगाबद्दल लिहिताना तो जवळजवळ नेहमी सुटतो. आपल्याकडे घरात बसून काम करणाऱ्या बाईच्या हातातला माल पुष्कळदा तिचा नसतोच. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी उभ्या केलेल्या लिज्जतने जी पद्धत रूढ केली, तिच्यात पीठ संस्थेकडून येतं, लाटणं घरी होतं आणि पापड परत जातात. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरात तंबाखू आणि पान ठेकेदाराचं असतं. येवल्यात पुष्कळ विणकरांच्या मागावरचं रेशीम आणि जर व्यापाऱ्याची असते, आणि एका पैठणीवर कित्येक आठवडे हात चालतो. शिवणकाम करणाऱ्या बाईकडे तर लग्नसराईत दहा-वीस घरांच्या साड्या एका वेळी येऊन पडलेल्या असतात. त्यांत कुणाच्या आजीची पैठणीही असू शकते. हे सगळं तिच्या घरात आहे, पण तिच्या घरातलं सामान नाही. गृहविम्याची व्याख्या कितीही ताणली तरी तिथपर्यंत पोहोचत नाही.

यावर कायदा जाणणारा पूर्वपक्षी म्हणतो की मग तिची जबाबदारीही नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम १५१ एवढंच सांगतं की ठेव म्हणून आलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तितकी घ्यायची. आणि कलम १५२ म्हणतं की तशी काळजी घेतली असेल व वेगळा करार नसेल तर नुकसानीला ती जबाबदार नाही. कलमं बरोबर सांगितली आहेत, निष्कर्ष अपुरा आहे. काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयांनी वस्तू ताब्यात असणाऱ्यावर टाकला आहे. जळालेल्या खोलीत उभं राहून वायरिंग नीट होतं हे ती कशाने सिद्ध करणार? आणि कलम १५२ जिंकूनही पुढच्या लग्नसराईत तिच्याकडे कोण साडी टाकायला येईल? व्यवसायाच्या पॉलिसीत आपल्या ताब्यातला, परक्याच्या मालकीचा माल तसा नमूद करून घेता येतो. तेवढी एक ओळ लिहून घेतली तर गिऱ्हाईक आणि शिंपीण दोघीही न्यायालयाबाहेर राहतात.

विजेच्या युक्तिवादाचं उत्तर थोडक्यात देता येतं. वीज आयोग दर ठरवतो तो छोट्या माणसाला सवलत मिळावी म्हणून. तिथे प्रश्न एका युनिटला किती पैसे हा असतो. विम्यात प्रश्न आगीची शक्यता किती आणि नुकसान कोणाचं हा. तळणीच्या तेलाची कढई दिवसातून सहा तास पेटलेली राहिली तरी महिन्याचे ३०० युनिट ओलांडले जात नाहीत, कारण ती गॅसवर असते. एका कायद्याने दिलेलं घरपण दुसऱ्या करारात आपोआप चालत येत नाही.

गॅसचाही एक गैरसमज याच कुळातला. तेल कंपन्यांच्या सामुदायिक विम्यामुळे सिलिंडरच्या अपघातात भरपाई मिळतेच, असं म्हणतात. तो विमा आहे, आणि मृत्यू झाला तर माणशी सहा लाखांची तरतूद त्यात आहे. पण मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत दोन लाखांची मर्यादा आहे, शिवाय घरगुती सिलिंडरवर व्यवसायाचा स्वयंपाक करणं एलपीजीच्या २०००च्या आदेशात बसत नाही. धंद्याला १९ किलोचं सिलिंडर घ्यायचं असतं. ज्या वापराला मुळात परवानगी नाही त्याच्या भरवशावर धंद्याचं संरक्षण उभं करू नये.

आता चौथ्या म्हणण्याकडे, कारण खरा अडथळा तिथे आहे. गप्प बसण्याचा सल्ला विमा कायद्याच्या गाभ्याविरुद्ध जातो. विमा हा परम सद्भावाचा करार आहे, हे तत्त्व इंग्रजी कायद्यात लॉर्ड मॅन्सफील्डने १७६६ साली कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात मांडलं. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरो या ठाण्याचा विमा होता. फ्रेंचांनी ते घेतलं. विमा करणाऱ्याने म्हटलं की ठाण्याची दुर्बलता आम्हाला सांगितली नाही. मॅन्सफील्डने प्रकटीकरणाचं कर्तव्य सांगितलं आणि निकाल मात्र विमा उतरवणाऱ्या गव्हर्नराच्या बाजूने दिला, कारण विमा करणाऱ्याला जे ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं ते लपवलं असं म्हणता येत नाही. या निकालाचा पहिला अर्धा भाग सगळे उद्धृत करतात. मला दुसरा अर्धा जास्त महत्त्वाचा वाटतो. सांगण्याचं कर्तव्य विमाधारकाला बांधतं, आणि सांगून झाल्यावर तेच कंपनीला बांधतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अर्धे स्वीकारले आहेत. २००९च्या सतवंत कौर संधू निकालात, धोका पत्करावा की नाही याबद्दल शहाण्या विमाकर्त्याच्या निर्णयावर परिणाम करील ती वस्तुस्थिती महत्त्वाची आणि ती सांगितलीच पाहिजे, असं म्हटलं. घरात रोज साठ डब्यांचा स्वयंपाक होतो ही अशीच वस्तुस्थिती आहे. दुसरीकडे २०२२च्या टेक्स्को मार्केटिंग निकालात तळघरातल्या दुकानाला अग्निविमा दिला होता आणि त्याच पॉलिसीत तळघर वगळण्याचं कलम होतं. दुकान तळघरात आहे हे कंपनीला माहीत होतं. न्यायालयाने त्या कलमाचा आधार कंपनीला घेऊ दिला नाही. कराराचा मूळ हेतूच मारून टाकणारं वगळणूक-कलम टिकणार नाही, असं सांगितलं. म्हणजे सांगणाऱ्याच्या मागे न्यायालय उभं राहिलं. जो सांगतच नाही त्याला हा आधार कसा मिळणार?

इथे पूर्वपक्षाकडे एक चांगला प्रतिवाद आहे. खाजगी म्हणून विमा उतरवलेली गाडी टॅक्सीसारखी वापरली आणि ती चोरीला गेली, अशा नितीन खंडेलवाल प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्ण फेटाळू दिला नाही, ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. २०१०च्या अमलेंदू साहू निकालातही तीच दिशा होती. मग वापर बदलला तरी पाऊण रक्कम मिळते ना? हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला आहे आणि त्यातली फट दाखवणं जरुरीचं आहे. त्या प्रकरणांत गाडी स्वतः विमा उतरवलेली वस्तू होती. फक्त तिच्या वापराची मर्यादा मोडली होती. घरातल्या मूर्ती, चिवडा, गिऱ्हाइकाच्या साड्या या गृहविम्यात मुळात आलेल्याच नाहीत. जे विम्यात नाही त्याचे ७५ टक्के म्हणजे शून्यच. घराच्या भिंती आणि कपाट यांच्यापुरता हा निकाल उपयोगी पडू शकेल, तोही ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढून काही वर्षांनी.

पूर्वपक्षाने एका अंगाचा विचारच केलेला नाही. आतापर्यंत आपण आपल्या वस्तूंबद्दल बोललो. पण धंद्याने दुसऱ्याला इजा झाली तर? घरगुती चवीवर दावा कोण करणार, असं म्हटलं जातं. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ६५ घरगुती आणि कारखानी असा भेद करत नाही. अन्नामुळे ग्राहकाचा मृत्यू झाला तर किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाईचा आदेश देता येतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाची जबाबदारी आणखी पुढे नेली: कलम ८४ नुसार, दिलेल्या हमीत आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवूनही उत्पादक सुटत नाही. गृहविम्याच्या मूळ पॉलिसीत यातलं काहीच येत नाही. त्यासाठी उत्पादन-दायित्वाचा आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. डबे पोहोचवणाऱ्या स्कूटरचंही तसंच. खाजगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, आणि नमुने व स्वतःचं सामान सोडून मालाची वाहतूक त्यात बसत नाही. रोज दुपारी बारा वाजता डबे घेऊन निघणाऱ्या मुलाच्या घरी ते पान एकदा वाचलं गेलं पाहिजे.

इतकं लिहिल्यावर उलट टोकाचं मतही खोडायला हवं. काही एजंट भीती घालतात की घरात बसून नोकरीचं काम केलं तरी गृहविमा रद्द होतो. हेही खरं नाही. घरून लॅपटॉपवर काम केल्याने आगीचा धोका वाढत नाही. ब्रिटनमध्ये कोविडच्या काळात विमा कंपन्यांच्या संघटनेनेच स्पष्ट केलं होतं की कचेरीचं काम घरून करणाऱ्यांनी वेगळं कळवायची गरज नाही. कसोटी तीनच गोष्टींची: धोका वाढला का, विक्रीचा किंवा परक्याचा माल घरात आला का, गिऱ्हाईक घरात येतं का. एका विद्यार्थ्याची शिकवणी आणि तीस मुलांचा वर्ग यांना एकच उत्तर देता येणार नाही.

मग मंडन काय? १ एप्रिल २०२१लाच 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची दुसरी पॉलिसी आली, आणि घरगुती धंद्याची जागा तिथे आहे. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल अशा व्यवसायासाठी ती आहे. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे धोके तिच्यात आहेत. यंत्रं, कच्चा माल, तयार माल येतो. रोकड पन्नास हजारांपर्यंत, संगणकातली माहिती पाच लाखांपर्यंत, धंदा पुन्हा उभा करण्याचा सुरुवातीचा खर्च एक लाखापर्यंत, हे आतच धरलेलं आहे. फोडून केलेल्या चोरीला मात्र वेगळा विमा लागतो, बुडालेल्या नफ्यालाही वेगळा.

एक ठिकाण जपायचं. गृहविम्यात कमी रकमेची कपात नाही. इथे आहे, फक्त १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ. दहा लाखांचा माल असताना पाच लाखांचाच विमा घेतला आणि दोन लाखांचं नुकसान झालं तर हातात एकच लाख पडतो. पेणच्या मूर्तिकाराने विमारकम चैत्रातल्या रिकाम्या फळ्या पाहून ठरवली तर श्रावणात तो अर्धाच सुरक्षित असतो. मोसमाच्या तोंडावर रक्कम वाढवून पॉलिसीवर नोंदवून घ्यावी. आणि दावा अडकला तर, पॉलिसी व्यवसायाची आहे म्हणून विमा लोकपालाचं दार बंद होत नाही. २०१७च्या नियमांनी एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसींना लोकपालाकडे प्रवेश दिला आहे. मुंबई आणि पुणे दोन्ही ठिकाणी कार्यालय आहे, आणि तिथे वकील लागत नाही.

तरी सगळा दोष विमाधारकावर टाकणं मला मान्य नाही. येवल्याच्या ज्या खोलीत खड्डामाग आहे त्याच खोलीत रात्री अंथरुणं पडतात. त्या माणसाला आपण दोन प्रस्ताव, दोन हप्ते, दोन नूतनीकरणाच्या तारखा सांभाळायला सांगतो. अमेरिकेतल्या रूढ गृहविम्यात धंद्याच्या सामानाला निदान २,५०० डॉलरची ओळ वर्षानुवर्षं लिहिलेली आहे. रक्कम तुटपुंजी असली तरी वाचणाऱ्याला सीमा कुठे आहे ते कळतं, आणि पैसे भरून ती वाढवूनही घेता येते. आपल्या 'भारत गृह रक्षा'त दोन ऐच्छिक जोड आधीच आहेत, दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंचा आणि पती-पत्नीच्या अपघाती मृत्यूचा. तिसरा जोड नियामकाने घालावा: घरातल्या व्यवसायाचं सामान आणि ताब्यातला परका माल, पाच लाखांपर्यंत, प्रस्तावात एक सरळ प्रश्न विचारून. प्रश्न छापला की गप्प बसण्याचा सल्ला देणाऱ्या एजंटला तो वाचून दाखवावा लागेल, उत्तर लिहून घ्यावं लागेल, आणि टेक्स्को निकालाप्रमाणे ते उत्तर कंपनीला बांधील. तोवर सूक्ष्म उद्यमाची दुसरी पॉलिसी घेणं हाच मार्ग आहे, आणि मूर्ती फळ्यांवर चढण्याआधी ती हातात असायला हवी.